खोड सांगून घेतलेली मशीन

मारोतीनं मशीन परत आणली तेव्हा ती गळ्यापर्यंत चुन्यात माखलेली होती, आणि वर तक्रार मारोतीच करत होता.

"वहिनी, ही तुमची मशीन लई नाजूक निघाली बगा. अर्धी बादली बी घोटून झाली न्हाई, की धूर सोडला तिनं."

लुंबिनीनं मशीन हातात घेतली. बॅटरीवर चालणारी, स्क्रू पिळायची मशीन. तिच्या तोंडात मारोतीनं वाकडी सळई बसवली होती आणि तिनं घराला द्यायचा चुना घोटला होता. लुंबिनीनं बटण दाबलं. आत कुणाच्या तरी घशात हाडूक अडकल्यासारखी घुर्र झाली, जळक्या वायरीचा वास आला आणि कारभार आटोपला.

"मारोतीभाऊ, बिजागरीचे स्क्रू पिळायचे मनून नेलती ना तुमी?"

"हाव, पिळायलाच नेलती. पन स्क्रू काही घावंनात. मशीन तर घरी आलेली. मंग मनलं, रिकामी कामून वापस द्यावी?"

सावरमाळात शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करत नाहीत. मारोतीनं मशीनसुद्धा भरूनच परत केली होती.

आतून लुंबिनीची सासू सरजाबाई सूप घेऊनच बाहेर आली. "मारोत्या, आता माझी शिलाई मशीन ने आन् तिच्यावर हरबरा मळ! माज्या सुनंच्या पोटावर पाय दिलास की रं, मुडद्या."

"काकू, पाय न्हाई दिला. चुना घोटला निस्ता," असं म्हणून मारोती गेला. बादलीतला उरलेला चुना वाळून चालला होता, त्याची त्याला घाई होती.

सरजाबाई उगीच ओरडत नव्हती. जिल्हा परिषदेच्या शाळेत बेचाळीस बाकं आली होती. बाकं म्हणजे खोक्यात बांधलेले लोखंडी पाय, फळ्या आणि स्क्रूच्या पिशव्या. एका बाकाला अठरा स्क्रू. शनिवारी अकरा वाजता तालुक्याचे साहेब बाकं बघायला येणार होते. हेडमास्तर राघवेंद्र सरांनी लुंबिनीला सांगून ठेवलं होतं, "शनिवारपर्यंत सगळी बाकं उभी राहिली, तर शाळेचं आणि तिन्ही अंगणवाड्यांचं वर्षभराचं दुरुस्तीचं काम तुम्हालाच. नाहीतर उदगीरचा ठेकेदार रोज फोन करतोच आहे."

लुंबिनीनं निलंग्याच्या आयटीआयमधून वायरमनचा कोर्स केला होता. चार वर्षं ती गावातले पंखे, कूलर, मिक्सर उघडत होती. पण लोक तिला कामाला बोलवत नसत. "जाता जाता जरा बगून जा की गं," म्हणत. ते जरा दोन तास चाले आणि शेवटी चहा मिळे. सही-शिक्क्याचा कागद मिळणार होता तो आयुष्यात पहिल्यांदा. आणि आज मंगळवार होता.

"हातानं पिळ की," सरजाबाई म्हणाली. "पेचकस काय मेला का?"

"आत्याबाई, साडेसातशे स्क्रू हायत. शनिवारपर्यंत माजं मनगटच निखळून पडंल."

लातूरला दवाखान्यात कामाला असलेल्या आनंदराजला, म्हणजे लुंबिनीच्या नवऱ्याला, फोन लावला. तो म्हणाला, "आता मोबाइलवर मागवतो, तू काळजीच करू नको." त्यानं मागवायला घेतली. मोबाइलनं सांगितलं, मशीन सोमवारी पोचेल. साहेब शनिवारी, मशीन सोमवारी. तेव्हा बुधवारी पहिल्या एसटीनं उदगीरला जाऊन आणायची, असं ठरलं.

तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला, "मी येतो."

हे व्यंकटराव. लुंबिनीचे सासरे. वय चौऱ्याहत्तर, डोक्याला पांढरा पटका, खांद्यावर रुमाल. तीस वर्षं या माणसाला बरोबर घेतल्याशिवाय आसपासच्या बारा गावांत कुणी बैल घेतला नव्हता. देवणी खोंडाच्या नुसत्या पाठीवर हात फिरवून ते सांगत, हा तीन वर्षांनी कुठल्या पायानं लंगडेल. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात व्यंकटराव येताना दिसले की काही व्यापारी बैल झाडाआड नेत. पुढं ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टरचे दात बघता येत नाहीत. गेल्या सात वर्षांत त्यांना एकदाच कुणी विचारलं होतं, तेही एका शेळीबद्दल, आणि शेळी घेऊन झाल्यावर.

"मामा, मशीन घ्यायची हाय," लुंबिनी म्हणाली. "बैल न्हाई."

"वढायचं काम करती का न्हाई?"

"पिळायचं करती."

"मंग झालं की. ही मेलेली आनंदनं मोबाइलात बगून घेतली. पाठीवर हात न फिरवता घेतलेलं जनावर चुन्यातच मरतंय."

सरजाबाईनं सुनेला डोळ्यानं खुणावलं: जाऊ दे, ने. सात वर्षांत म्हातारा पहिल्यांदा कुठं तरी जायला निघाला होता.

उदगीरला वीरभद्रचं हार्डवेअरचं दुकान जुनं. त्याच्या बोलण्यात मराठी, कानडी आणि दुकानदारी अशा तिन्ही भाषा असत. "या अप्पा, या अक्का. स्वल्प बसा," म्हणत त्यानं काउंटरवर तीन मशिनी मांडल्या. एक नळीसारखी बारकी. एक मधली. एक भली थोरली, तिचं बटण दाबलं की दुकानातले डबे थरथरत.

लुंबिनीनं मधली उचलली. तिला पाहिजे होती ती हीच. तिच्या गळ्याशी आकड्यांचं कडं होतं. ते कामाच्या बेतानं फिरवून ठेवलं की स्क्रू नीट बसल्याबरोबर मशीन कटकट करून आपोआप सुटते, फळी फुटत नाही. शिवाय दोन बॅटऱ्या. एक चार्जिंगला लावायची, दुसरीवर काम. ती मनात म्हणाली, झालं, दहाच्या गाडीनं परत.

"थांब," व्यंकटराव म्हणाले.

त्यांनी आधी बारकी मशीन तळहातावर तोलली. "ही कालवड हाय. हिच्यावर कुनी जू ठेवत न्हाई." मग मधली उलटीपालटी करून बघितली, वास घेतला, कानाशी धरून चालवली. मोठीचा आवाज मात्र लांबूनच ऐकला. "हे वळू हाय. दिसाया चांगलं, कामाला न्हाई." शेवटी मधलीवर हात ठेवून त्यांनी वीरभद्रला विचारलं, "हिची खोड काय?"

"खोड?"

"खोड रं. लात मारती का, औताला बसती का, पान्याला भिती का? काय आसंल ते मोकळेपनानं सांग."

"अप्पा, खोड कसली? कंपनीचा माल. दोन वर्षांची ग्यारंटी."

व्यंकटरावांनी मशीन खाली ठेवली आणि चपला पायात घातल्या. "चल गं."

"मामा! कामून?"

"ज्याला खोड न्हाई ते जनावर चोरीचं आसतंय, न्हाई तर इकनारा खोटा आसतोय. बाजारात मानूस आदी खोड सांगतोय, मंग भाव. खोड सांगितली की बरकत. न्हाई सांगितली की घरी गेल्यावर कळती, आन् तवा बाजार उठल्याला आसतोय."

"मामा, ही मशीन हाय वो!"

"तुजी पयली बी मशीनच व्हती. तिची खोड कुनी सांगितली? मारोत्यानं!"

लुंबिनीनं मनात हिशेब केला. दुसरं दुकान बघायचं तर व्यंकटराव तिथंही खोडच विचारणार. उदगिरातल्या सगळ्या दुकानांतल्या सगळ्या मशिनी निर्दोष. संध्याकाळच्या एसटीनं रिकाम्या हातानं जायचं, आणि शाळेत ठेकेदाराची माणसं बघायची. म्हातारा पटका सारखा करायला वळला तेवढ्यात ती काउंटरवर वाकली आणि हळूच म्हणाली, "वीरभद्रभाऊ, कायतरी खोड सांगा की हिची."

"अक्का, नसलेली कशी सांगू? धंदा हाय माझा."

"मंग ही इकायचा इचार सोडा. ते बिनखोडीची घेऊ द्यायचे न्हाईत. सांगा, लई वेळ चालली की तापती मनून. अर्ध्या तासाला इसावा लागतो मनून."

वीरभद्रच्या तीन पिढ्यांत मालाला नावं ठेवून माल विकायची वेळ कुणावर आली नव्हती. त्यानं भिंतीवरच्या बसवेश्वरांच्या फोटोकडं बघितलं, कानाला हात लावला आणि हाक मारली, "अप्पा! आता लपवत न्हाई. एक खोड हाय हिला."

व्यंकटराव थांबले.

"तापती. अर्धा तास काम केली की तिला पंधरा मिनिटं इसावा द्यावा लागतो. सावलीत."

व्यंकटरावांचा चेहरा उजळला. सात वर्षांत त्यांच्याशी कुणी एवढं खरं बोललं नव्हतं. "हं! मंग आदीच सांगायचं की. तापट हाय, पन पळपुटी न्हाई. आशी जनावरं हातावर आली की सोनं आसतात." मग बैलबाजारात झाकून भाव करतात तसा त्यांनी खांद्यावरचा रुमाल वीरभद्रच्या हातावर टाकला आणि रुमालाखाली त्याची बोटं धरली.

दुकानातली गिऱ्हाईकं वळून बघायला लागली. वीरभद्र लाजून लाल झाला. "अप्पा, किंमत खोक्यावर छापलेली हाय."

"छापलेली लोकांसाठी," व्यंकटराव म्हणाले आणि एक बोट दाबलं.

काय ठरलं ते दोघांनाच ठाऊक. पण वीरभद्रनं स्क्रूच्या टोकांचा एक डबा फुकट दिला आणि बराच वेळ तो आपल्या बोटांकडं बघत राहिला.

गुरुवारी सकाळी लुंबिनी शाळेत पोचली तेव्हा तिच्या मागं व्यंकटराव होते. मनगटाला घड्याळ, काखेत घोंगडी.

"मामा, तुमी कशाला?"

"तू कामाच्या नादात इसरशील. जनावर मुकं हाय."

मशीन छान चालत होती. कडं तीनवर ठेवलं की स्क्रू लोण्यात बोट गेल्यासारखा जाई आणि कट्ट करून बसे. लुंबिनीला वाटलं, या चालीनं उद्या दुपारीच मोकळी. तेवढ्यात व्यंकटरावांनी तिच्या हातातून मशीन काढून घेतली.

"झाला अर्धा तास."

"मामा, आता तर सुरू केलंय! हात लावून बगा, गारच हाय ती."

"तापायच्या आदी इसावा द्यायचा. तापल्यावर देतात त्यो दवाखाना."

त्यांनी अंगणातल्या लिंबाखाली घोंगडी अंथरली, तिच्यावर मशीन ठेवली आणि पोरांच्या वहीच्या पुठ्ठ्यानं तिला वारा घालायला लागले. फडकं ओलं करून तिच्यावर टाकायला निघाले होते, पण पाणी हिला बाधतं असं लुंबिनीनं ओरडून सांगितलं. "मंग दोन खोडी झाल्या की," व्यंकटराव समाधानानं म्हणाले.

शिमग्याच्या तोंडाचं ऊन. शाळेमागच्या काळ्या रानात कोपरापर्यंत हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. हरबरा, करडई निघून गेलेली. माणसांना कामं नाहीत आणि सावली एकच. मशीनला वारा घालताहेत हे ऐकून निम्मं गाव लिंबाखाली जमलं. व्यंकटराव एकेकाला समजावून सांगत होते: गुण कुणालाही दिसतो, खोड दिसायला नजर लागते. लोक मान हलवत होते. मारोती तर म्हणाला, "आबा, पयलीची खोड मला आदीच सांगितली आसती तर चुना मी हातानंच घोटला आसता." आणि आपण सात वर्षं या माणसाला का विचारलं नाही, असं दोघातिघांना वाटायला लागलं.

संध्याकाळी लुंबिनीनं बाकं मोजली. अकरा.

राघवेंद्र सर चष्मा पुसत म्हणाले, "ताई, एकतीस राहिली. मी ठेकेदाराला काय सांगू?"

"उद्याचा दिवस हाय सर."

"उद्याच्या दिवसालासुद्धा दर अर्ध्या तासाला विश्रांती आहे ना?"

घरी येऊन तिनं सरजाबाईपुढं सगळं ओकून टाकलं. वीरभद्रला आपणच शिकवलं, खोड खोटी आहे, आता मामांना खरं सांगून टाकते.

सरजाबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. "सांग. मंग ते मशीन घेऊन सकाळी उदगीरला जातील आन् वीरभद्रच्या काउंटरवर आपटतील. खोड लपवली त्याला ते सोडतील, खोटी खोड सांगितली त्याला न्हाई. आन् आज धा मानसं त्यांच्याभवती बसलीती, ते बगितलंस का?"

"बगितलं. म्हनूनच तर दिवसभर गप बसले."

"मंग खोटं जन्माला घातलंस तूच, आता पोस त्येला. आन् धा मानसं फुकटात बसलीती ना, त्यास्नी तसंच बसू देतीस व्हय? बिनकामाचा मानूस मंजी न जुपलेला बैल."

लुंबिनीनं सासूकडं बघितलं. बाई कधी शाळेत गेली नव्हती, हे चांगलंच झालं होतं.

शुक्रवारी पहिल्या विसाव्यालाच लुंबिनी घोंगडीपाशी जाऊन बसली. "मामा, एक इचारू? नव्या बैलाला पयली सरी कोन धरून देतंय?"

"मानूस. नांगर मानसानं रोवून द्यायचा. मंग बैल वडतोय."

"मंग ही बिचारी एकटीच रोवती बी आन् वडती बी. म्हनून तर दमती. स्क्रू कुनी हातानं दोन आटे रोवून दिला, फळी धरून दिली, तर तिचा निम्मा जीव वाचंल."

व्यंकटराव पुठ्ठा हलवायचे थांबले. ही गोष्ट आपल्या कशी ध्यानात आली नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर आलं आणि लगेच गेलंही. ते उभे राहिले. "उठा रं! बसून काय बगायलाव? मारोत्या, घरातून पेचकस आन. संघपाल, तू फळ्या धर. जनावराला एकटं राबवायला लाज वाटत न्हाई व्हय तुमाला?"

लुंबिनीनं सांगितलं असतं तर कुणी उठलं नसतं. बाईच्या हाताखाली काम करायला सावरमाळात माणूस मिळत नाही. पण मशीनच्या हाताखाली काम करायला लाज कसली? कुणी पेचकस आणला, कुणी सुरी, एकानं तर नाण्यानंच स्क्रू रोवायला घेतले. लोखंडी पाय उभे राहिले, फळ्या चढल्या. मारोती आणि संघपालची पैज लागली. मशीन विसावा घेई तेव्हा दहा माणसं राबत, आणि मशीन उठली की लुंबिनी ओळीनं कट्ट कट्ट करत जाई. विसावा घ्यायची पाळी फक्त माणसांवर आली नाही.

साडेचारला बेचाळिसावं बाक उभं राहिलं.

शनिवारी साहेब अकराचे पावणेएकला आले. त्यांनी एका बाकावर बसून बघितलं, ते हललं नाही. मग लिंबाखाली घोंगडीवर निजवलेली मशीन त्यांना दिसली. "हे काय?" व्यंकटरावांनी त्यांना पहिल्यापासून सांगितलं. ऊन इतकं होतं आणि सावली इतकी बरी, की साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. जाताना ते राघवेंद्र सरांना म्हणाले, "यंत्रांची एवढी निगा मी दुसरीकडं पाहिली नाही. हे आदेशात घ्या."

सरांनी घेतलं. संध्याकाळी लुंबिनीच्या हातात सही-शिक्क्याचा कागद आला. वर्षभराचं काम तिच्या नावावर, मोबदला रोजानं. आणि खाली, तीन नंबरला: 'कामाच्या वेळेत यंत्रास दर अर्ध्या तासाने पंधरा मिनिटे विश्रांती देण्यात यावी. देखरेख: श्री. व्यंकटराव.' वीरभद्रच्या दुकानात तिनं कुजबुजून सांगितलेली थाप आता जावक क्रमांकासह सरकारदरबारी जमा झाली होती. सरकारी कामात विश्रांतीची सोय पहिल्यापासून होती. ती कागदावर मशीनला मिळाली, एवढंच नवीन.

लुंबिनीनं तो कागद दोनदा वाचला. पहिल्यांदा तिला रडू आलं. दुसऱ्यांदा 'रोजानं' या शब्दापाशी ती थांबली: विसाव्याची पंधरा मिनिटंही रोजातच धरलेली होती.

सोमवारी अंगणवाडीचं दार दुरुस्त करायचं होतं. सकाळपासून झळा. घरची भाकरी, धुणं, पाणी उरकून लुंबिनी आलेली. तिनं बिजागरीचे सहा स्क्रू मारले, कपाळ पुसलं आणि मशीन खाली ठेवली.

व्यंकटरावांनी घड्याळ बघितलं. "आजून धा मिंटं बी झाली न्हाईत गं."

"हाव मामा. पन आज जरा दमल्यासारखी वाटून ऱ्हायली ती."

व्यंकटरावांनी मशीन उचलली. हाताच्या उलट्या बाजूनं तिचं पोट चाचपलं, डोळे मिटून क्षणभर अंदाज घेतला.

"बरोबर वळकलंस," ते म्हणाले. "हळूहळू तुला बी पारख येऊन ऱ्हायली. जा, बस सावलीला. च्या सांगतो."